घरातील एसी कधी बदलावा?

उन्हाळ्याची चाहूल लागली की आपल्या वस्त्यांमधून एसी मेकॅनिकांची धावपळ सुरू होते आणि घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : जुना एसी यंदाही दुरुस्त करून घ्यावा, की काढून टाकून नवा बसवावा? एकेकाळी हा प्रश्न मूठभर श्रीमंत घरांपुरता होता. आज मुंब्रा, भिवंडी, मालेगावपासून आखाती कमाईवर उभ्या राहिलेल्या कोकणातील घरांपर्यंत तो सर्वसामान्य कुटुंबाचा प्रश्न झाला आहे. व्यवहार चाळीस-पन्नास हजारांचा असतो. तरीही त्याचा निर्णय बहुधा दोनच माणसांच्या शब्दावर होतो. एक मेकॅनिक, ज्याचा फायदा दुरुस्तीत आहे. दुसरा दुकानदार, ज्याचा फायदा विक्रीत आहे. ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो कसा मांडावा, आणि तो खरा मांडता यावा यासाठी या धंद्यातील आमच्या बांधवांवर कोणती जबाबदारी येते, हे येथे सांगण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. एसी म्हणजे चैन, असे सरसकट म्हणणे योग्य नाही. पत्र्याच्या छपराखाली राहणारे वृद्ध आईवडील, घरातील आजारी माणूस, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा कामगार यांच्यासाठी ती गरज असू शकते. इस्लामने मज्जाव केला आहे तो उधळपट्टीला, गरजेला नव्हे. शेजाऱ्याने नवा घेतला म्हणून चांगला चालणारा एसी काढून टाकणे ही उधळपट्टीच आहे. परंतु दर महिन्याला भरमसाठ वीज खाणारे जीर्ण यंत्र केवळ 'चालतेय ना' म्हणून वर्षानुवर्षे ओढत राहणे, हाही पैशाचा नाशच आहे. मधला मार्ग हिशेबातूनच सापडतो.

गॅस दरवर्षी संपत नाही

आपल्याकडे सर्वात जास्त पैसा ज्या कारणाने जातो ते कारण म्हणजे दरवर्षीचे 'गॅस भरणे'. वाचकांनी हे नीट लक्षात घ्यावे की, एसीतील गॅस हा गाडीतील पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. गॅस कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी ओतणे होय. सचोटीचा मेकॅनिक आधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधतो, ती बंद करतो, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा आणि दमटपणा काढतो आणि मगच गॅस भरतो. हे टप्पे ज्या बिलात नाहीत, ते बिल पुढच्या वर्षी पुन्हा येणार असे समजावे.

याउलट, एसी थंड करीत नाही म्हणून तो संपला असेही नव्हे. पुष्कळदा जाळी धुळीने भरलेली असते, बाहेरच्या यंत्राची कॉइल कचऱ्याने बुजलेली असते, किंवा काहीशे रुपयांचा कपॅसिटर गेल्यामुळे कॉम्प्रेसर सुरूच होत नसतो. अशा वेळी 'कॉम्प्रेसर गेला' असे सांगून हजारोंचे बिल करणे हा सरळसरळ धोका देण्याचा प्रकार आहे. काही वेळा तर दोष यंत्रात नसून खोलीत असतो. वरची गच्ची दुपारभर तापते, पश्चिमेच्या खिडकीला पडदा नाही, दाराखालून गार हवा निघून जाते. गच्चीवर पांढरा रंग किंवा चुना मारून आणि खिडकी झाकून जर काम होत असेल, तर नव्या यंत्राचा विचार पुढे ढकलावा.

कोणता गॅस, हे आधी पाहा

यंत्रावरील पट्टीवर गॅसचे नाव आणि त्याचे वजन छापलेले असते. जुन्या एसींमध्ये बहुतांशी आर-२२ हा गॅस आहे. पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला तो मारक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराखाली तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. भारत या करारात १९९२ साली सामील झाला. २०२५ च्या आरंभापासून आपल्या देशात नवे एसी बनवताना हा गॅस वापरण्यास बंदी आहे. दुरुस्तीसाठी तो मिळतो, पण २०३० पासून तोही अगदी अल्प प्रमाणातच राहावा असे ठरलेले आहे. म्हणजे आर-२२ चे यंत्र आज लगेच फेकून द्यावे असे नाही, परंतु त्याच्या मोठ्या दुरुस्तीत पैसा घालताना पुढच्या काळाचा विचार करावा.

येथे एक धोक्याची सूचना देणे आम्ही कर्तव्य समजतो. आर-२२ च्या यंत्रात आर-३२, आर-४१० किंवा आर-२९० हे गॅस भरता येत नाहीत. पहिल्या दोहोंचा दाब जुन्या यंत्राला पेलणारा नाही आणि त्यांना तेलही वेगळे लागते. आर-२९० म्हणजे प्रोपेन. तो चटकन पेट घेतो. 'स्वस्तात दुसरा गॅस टाकून देतो' असे कोणी म्हणाल्यास त्याला दारातूनच परत पाठवावे. हा पैशाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

दोन घरांचा हिशेब

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एसी किती वर्षांचा झाला, एवढ्यावरून निर्णय करू नये. तो वर्षाला किती तास चालतो आणि किती युनिट वीज खातो, हे पाहावे. ते पाहणे अवघड नाही. झोपताना आणि सकाळी मीटरचे आकडे लिहून ठेवावेत, एक रात्र एसी लावून आणि एक रात्र न लावता. दोन्ही रात्रींच्या युनिटांतील फरक म्हणजे एसीचा खर्च.

उदाहरणादाखल दोन घरे घेऊ. दोन्हीकडे दीड टनाचे, बारा वर्षांचे सारखेच यंत्र आहे. नवा एसी बसवण्याच्या खर्चासह ४५,००० रुपयांना पडतो आणि जुन्याचे ४,००० येतात असे धरू. म्हणजे खिशातून जाणार ४१,००० रुपये. विजेचा दर युनिटला १२ रुपये धरू.

पहिले घर दमट शहरातील आहे. तेथे एसी दिवसाला ८ तास, वर्षातून २०० दिवस, म्हणजे १,६०० तास चालतो. समजा, जुने यंत्र त्यात १,४०० युनिट खाते आणि नवे ८०० युनिट. वर्षाला ६०० युनिट, म्हणजे ७,२०० रुपये वाचतील. नव्या यंत्राची किंमत पावणेसहा वर्षांच्या आत वसूल होते. त्यातच जुन्याचा कॉम्प्रेसर गेला आणि त्याला १५,००० खर्च येणार असेल, तर तो खर्च वाचतो आणि प्रश्न उरतो फक्त २६,००० चा. तो पावणेचार वर्षांच्या आत सुटतो. या घराने बदलणेच शहाणपणाचे.

दुसरे घर गावाकडचे आहे. तेथे एसी उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत रात्री ४ तास, म्हणजे वर्षाला ३६० तास चालतो. त्याच प्रमाणात वर्षाची बचत होते १३५ युनिट, म्हणजे १,६२० रुपये. ४१,००० वसूल व्हायला पंचवीस वर्षे लागतील! तोवर नवे यंत्रही मोडीत निघालेले असेल. या घराने जाळी धुवावी, लहानसहान दुरुस्ती करावी आणि जुना एसी निर्धास्त वापरावा. यंत्र तेच, वय तेच, पण निर्णय अगदी उलट. 'दहा वर्षे झाली, आता बदला' हा सल्ला सर्वांना सरसकट देता येत नाही, तो यामुळेच. वाचकांनी आपल्या घरचे तास, आपल्या बिलातील दर आणि बाजारातील भाव घालून हाच हिशेब करावा. एक ध्यानात ठेवावे : युनिट वाढले की बिलाचा टप्पा बदलतो आणि एसीचे युनिट बहुधा वरच्या, महाग टप्प्यातच पडतात.

ज्यांना एवढा हिशेब करणे जड वाटते त्यांच्यासाठी ढोबळ नियम असा : यंत्र दहा वर्षांवरचे असेल, रोज चालत असेल आणि एका दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याच्या आसपास जात असेल, तर बदलावे. कॉइल एकदा जोडल्यावर पुन्हा पुन्हा गळू लागली तरी तेच. समुद्रकाठची खारी हवा आणि नाल्यांवरचे वायू कॉइल लवकर कुरतडतात, हे कोकण व मुंबईच्या वाचकांना वेगळे सांगणे नको.

खरेदीतील सापळे

नवा घ्यायचे ठरल्यावर तारे मोजून भुलू नये. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने एसीवर ताऱ्यांची पट्टी २०१० पासून सक्तीची केली, पण ताऱ्यांची कसोटी वेळोवेळी कडक होत गेली. २०१८ मध्ये झाली, २०२२ मध्येही झाली. त्यामुळे जुन्या पट्टीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एक नव्हेत. पट्टीवरील मुदत आणि वर्षाला लागणारे युनिट वाचावेत. ते युनिट १,६०० तासांचे असतात. आपले तास कमी असतील तर त्या प्रमाणात कमी धरावेत. कमी वापराच्या घराला पाच ताऱ्यांसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची हमी मिळते तेव्हा गॅस, मजुरी आणि सर्किट त्यात आहे की नाही, हे लेखी विचारावे.

दुसरा सापळा हप्त्यांचा. 'बिनखर्ची ईएमआय' या नावाने जे विकले जाते त्यात बहुधा व्याज असतेच. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट काढून घेऊन ते भागवले जाते. शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. जो समाज व्याजाला हराम मानतो त्याने केवळ नाव बदलले म्हणून डोळे मिटून सही करू नये. कागद आलिमांना दाखवून विचारावे. आपल्याकडे भिशीची चांगली रीत आहे. वीस जणांनी दरमहा २,००० जमवले तर प्रत्येकाला पाळीपाळीने ४०,००० बिनव्याजी मिळतात. मात्र त्यासाठी निर्णय मे महिन्याच्या तलखीत नव्हे, तर दिवाळीनंतरच्या थंड दिवसांत घ्यावा लागतो. तेव्हा मेकॅनिकलाही वेळ असतो आणि दुकानातही गर्दी नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. भाव ठरवताना हेही लक्षात असू द्यावे.

धंद्यातील बांधवांना

एसीच्या धंद्यात आमच्या समाजातील तरुण मोठ्या संख्येने आहेत. कोणी आयटीआयमध्ये शिकले, कोणी उस्तादाच्या हाताखाली, कोणी आखातात. त्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. पवित्र कुरआनात मापात पाप करणाऱ्यांसंबंधी एक संपूर्ण सूरह आहे. ती केवळ धान्य तोलणाऱ्यांसाठी आहे काय? यंत्रावर गॅसचे वजन ग्रॅममध्ये छापलेले असताना वजनकाट्याशिवाय अंदाजाने गॅस भरणे आणि पूर्ण पैसे घेणे, हा मापाचाच प्रश्न आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवून दिला आणि दोष लपवून विकणाऱ्याला आपल्यातला मानण्यास नकार दिला, हा प्रसंग आपण सर्वांनी खुतब्यात ऐकलेला आहे. जुन्या एसीला रंग मारून, गळकी कॉइल लपवून विकणाऱ्याने तो प्रसंग पुन्हा आठवावा.

आमची सूचना साधी आहे. काटा जवळ बाळगा. काय बिघडले, काय केले, किती गॅस भरला हे कागदावर लिहून द्या. बदललेला जुना भाग ग्राहकाच्या हाती द्या. जुने यंत्र काढताना गॅस हवेत सोडू नका. चालू यंत्राचा गॅस बाहेरच्या भागात गोळा करून मगच नळ्या सोडा. आणि ज्या घराला बदलण्याची गरज नाही त्याला तसे स्पष्ट सांगा. आज एक विक्री हातची जाईल, पण तो माणूस दहा घरी तुमचे नाव सांगेल. विश्वासावर चालणाऱ्या धंद्याला जाहिरात लागत नाही.

ग्राहकांनीही आपले काम करावे. खऱ्या कामाची खरी मजुरी घासाघीस न करता द्यावी. गळती शोधायला दोन तास घालवणाऱ्याला नाराज करून, दहा मिनिटांत गॅस भरून जाणाऱ्याला आपणच मोठे करीत असतो. हिशेब दोन्ही बाजूंनी खरा झाला, तरच घरात गारवा राहील आणि कमाईत बरकत.