नॉटिलस नामशेष नाही



गेल्या अंकातील जीवाश्मसंग्रहावरच्या लेखात मादागास्करच्या नॉटिलसला ‘अमोनाइटसारखाच नामशेष प्राणी’ म्हटले आहे. ही चूक दुरुस्त व्हायला हवी. अमोनाइट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. नॉटिलसचे कूळ प्रशांत आणि हिंदी महासागरात आजही जिवंत आहे.

दोघांच्या शंखांतला फरक डोळ्यांना दिसतो. कप्प्यांच्या भिंती शंखाला भिडतात ती रेषा नॉटिलसमध्ये साधी, बाकदार असते. अमोनाइटमध्ये झालरीसारखी नागमोडी. (आपल्या देव्हाऱ्यातले गंडकीचे चक्रांकित शाळिग्राम बहुधा अमोनाइटच.) कप्प्यांतून जाणारी नळीही नॉटिलसमध्ये मध्याच्या आसपास, अमोनाइटमध्ये सहसा बाहेरच्या कडेला.

मादागास्करच्या महाजंगा भागातला क्रेटेशियस काळातला नॉटिलस मधोमध कापून घासला, की कप्प्यांत साचलेले कॅल्साइट मधासारखे उजळते. माझ्याकडे असा एक आहे. पण मला त्याची ओढ लागली ती त्याच्याच कुळातला प्राणी आजही तशाच कप्प्यांचा शंख बांधतो म्हणून.

त्या शंखांसाठी जिवंत नॉटिलसची बेसुमार पकड झाल्यामुळे २०१६ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालण्याचा निर्णय झाला. संग्राहकांनी ताजे शंख विकत घेऊ नयेत, ही कळकळीची विनंती.

– एक संग्राहक, सातारा