इंजिन नवं, घर जुनं : तेल का तापतं?



या वेळचं सदर एका प्रश्नावर. आपल्या मंडळातल्या एका कुटुंबाकडे आजोबांच्या काळची एमजीबी आहे. दोन सीटची, उघड्या टपाची, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मूळ इंजिनाचा ब्लॉक तडकला, म्हणून गेल्या वर्षी त्यात एका जपानी सेडानचं दोन लिटरचं पेट्रोल इंजिन बसवलं. आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला नातू विचारतो: "दादा, हायवेवर अर्धा तास गाडी चालवली की तेलाचा काटा १३० अंशांवर जातो. पाण्याचा काटा मात्र ९० वर शांत असतो. सगळ्यात मोठा ऑइल कूलर लावून टाकू का? मे महिन्यात धुळ्याला लग्न आहे, आणि नवरदेवाला याच गाडीतून न्यायचं ठरलंय."

थोडक्यात उत्तर असं: कूलर बहुधा लागेल, पण सगळ्यात मोठा नको आणि सगळ्यात आधी तर नकोच. आता सविस्तर.

पाणी शांत, तेल तापलेलं. असं का?

इंजिनात पाणी फिरतं ते सिलेंडर आणि हेडच्या भोवती. क्रँकशाफ्टची बेअरिंग, पिस्टनची खालची बाजू, कॅमशाफ्ट इथली उष्णता उचलायचं काम तेलाचं. म्हणजे तेल नुसतं वंगण नाही, तो उष्णता वाहून नेणारा हमालही आहे. आपल्या पलसाणा-कडोदरा पट्ट्यातल्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे थर्मिक फ्लुइड हीटरमध्ये तापलेलं तेल पाइपमधून स्टेंटरपर्यंत जातं आणि कापडाला उष्णता देतं. इंजिनात प्रवास उलटा. तेल तापलेल्या भागांकडून उष्णता घेतं आणि ती कुठेतरी टाकायची जागा शोधतं. जागा मिळाली नाही तर स्वतः तापत राहतं.

साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअस ही तेलाची सुखाची पातळी. घाट चढताना थोडा वेळ १२० झालं तरी घाबरायचं कारण नाही. पण सतत १३० म्हणजे धोक्याची घंटा. ३० ग्रेडच्या तेलाची घट्टता १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते. १३० ला ती जवळपास निम्मी होते, म्हणजे डब्यावर ३० लिहिलेलं असलं तरी बेअरिंगच्या वाट्याला त्याहून बरंच पातळ तेल येतं. शिवाय दर १० अंशांना तेल खराब होण्याचा वेग अंदाजे दुप्पट होतो. वर्षभर टिकणारं तेल मग काही महिन्यांत काळं पडतं.

इंजिन आलं, त्याचं घर आलं नाही

इंजिन बदलणं ही काही नवी गोष्ट नाही. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई आणली, तिचं शरीर फियाट १२४ चं आणि इंजिन निसानचं. अँबेसेडरला १९९२ मध्ये इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन मिळालं. खुद्द एमजीने १९७३ मध्ये एमजीबी जीटीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवून विकलं. पण कंपनी इंजिन बदलते तेव्हा सोबत रेडिएटर, हवेची वाट, संप, पाइप असं सगळं नव्याने आखते. आपण गॅरेजमध्ये बदलतो तेव्हा इंजिन येतं, पण ते ज्या जागेसाठी बनलं होतं ती जागा मागेच राहते.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटेल. एका सर्व्हरवर मजेत चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर नेला की कोसळतो. कोड तोच असतो, पण ज्या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात त्या नव्या ठिकाणी नसतात. या गाडीत काय काय हरवलं असेल ते पाहू.

एक, संप. सेडानमध्ये इंजिन आडवं होतं, इथे उभं बसवलं. खालच्या क्रॉसमेंबरला लागू नये म्हणून संप कापून उथळ केला असेल, तर तेल कमी मावतं. कमी तेल म्हणजे तेच तेल जास्त फेऱ्या मारणार, आणि त्याला थंड व्हायला वेळ कमी मिळणार.

दोन, फिल्टरच्या बुडाशी असलेला छोटा डबा. कित्येक आधुनिक इंजिनांत तिथे पाण्याने तेल थंड करणारा कूलर असतो. जागा पुरत नाही म्हणून मिस्त्री तो काढून टाकतात आणि नंतर कुणाच्या लक्षातही राहत नाही.

तीन, सायलेन्सरचा पाइप. नव्या मांडणीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड फिल्टर किंवा संपच्या अगदी शेजारी आला असेल, तर आपण तेल शेगडीजवळच ठेवलंय.

चार, हवा. पुढून आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. एमजीबीच्या अरुंद बॉनेटखाली मोठं इंजिन कोंबलं की हवा अडते. बाहेरची वाट बंद असेल तर पुढे कितीही जाळ्या लावा, उपयोग नाही.

आधी मोजा

पहिलं काम म्हणजे काट्याची परीक्षा. सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरा. पलसाणा समुद्रसपाटीच्या जवळ आहे, त्यामुळे पाणी १०० अंशांनाच उकळतं. काटा ११२ दाखवत असेल, तर तुमचे १३० खरे १३० नाहीत.

मग दाबाचा काटा बसवा. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका, तो दाब जवळजवळ संपल्यावरच पेटतो. जुना ठोकताळा असा: दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय. तेल तापल्यावर ३००० आरपीएमला दाब ३० च्या खूप खाली जात असेल, तर प्रश्न आताच सोडवायला हवा.

आणि तेल कुठलं घालायचं? इंजिनाच्या पुस्तकात लिहिलेलं, गाडीच्या नाही. "जुनी गाडी आहे, २०डब्ल्यू-५० टाका" हा सल्ला या इंजिनाला लागू नाही. बारीक फटींच्या आधुनिक इंजिनात फार घट्ट तेल हळू पोचतं आणि घुसळून स्वतःच जास्त तापतं.

आता कूलर

मॅनिफोल्ड आणि फिल्टरमध्ये पत्र्याची आड लावली, हवेला वाट दिली, तेलाची पातळी पाहिली, आणि तरीही काटा खाली येत नसेल, तर कूलर लावा. पुण्याच्या बजाजची पल्सर २२० ज्यांच्याकडे होती त्यांनी पुढचा छोटा ऑइल कूलर रोज पाहिलाय. तत्त्व तेच.

किती मोठा? एक हिशोब करू. मिनिटाला १५ लिटर तेल कूलरमधून गेलं आणि १० अंशांनी थंड झालं, तर साधारण साडेचार किलोवॉट उष्णता बाहेर गेली. म्हणजे घरातले दोन-दोन किलोवॉटचे दोन गिझर सतत चालू! मध्यम आकाराचा, चांगली हवा मिळणारा कूलर एवढं काम करतो. कोपऱ्यात, हवा न पोचणाऱ्या जागी लावलेला सगळ्यात मोठा कूलर तेवढं करत नाही.

फार मोठ्या कूलरचा उलटा त्रासही असतो. डिसेंबरच्या सकाळी तेल ८० अंशांपर्यंतही पोचत नाही. मग तेलात मिसळलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही आणि इंजिन आतून झिजतं. म्हणून थर्मोस्टॅट असलेली सँडविच प्लेट घ्या. ती फिल्टर आणि ब्लॉकच्या मध्ये बसते आणि तेल साधारण ८० अंश झाल्यावरच ते कूलरकडे सोडते.

बसवताना चार गोष्टी पाळा:

- कूलरची तोंडं शक्यतो वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे आत हवा अडकत नाही.
- कूलर भरल्यावर इंजिन सुरू करून बंद करा आणि डिपस्टिक पुन्हा पाहा. तेल जास्त लागेल.
- जुन्या, फुटलेल्या इंजिनाचा कूलर धुऊन वापरू नका. त्याच्या जाळीत अडकलेला धातूचा चुरा पूर्ण निघत नाही आणि नवीन बेअरिंग खातो.
- पाइपवर पैसे वाचवू नका. गरम तेलासाठी बनवलेला, मशीनने क्रिंप केलेला पाइपच घ्या. पत्र्यावर घासेल तिथे रबरी क्लिप लावा. तापलेल्या मॅनिफोल्डवर तेलाची धार पडली तर आग लागते, आणि उघड्या गाडीत ती आग थेट माणसांपर्यंत येते. सीटजवळ अग्निशामक ठेवाच.

कोंडाईबारीची परीक्षा

पलसाण्याहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूरपर्यंत रस्ता सोपा. त्यानंतर कोंडाईबारीचा घाट लागतो. पुढे ट्रक, आपण दुसऱ्या गिअरमध्ये, वेग २५, वर मे महिन्याची दुपार. इंजिनावर भार पूर्ण आणि हवा मात्र नावाला. हायवेवर पास झालेली गाडी इथे नापास होऊ शकते. म्हणून कूलरवर छोटा इलेक्ट्रिक पंखा बसवा आणि लग्नाच्या किमान महिनाभर आधी एक चाचणी फेरी करा. दर १० मिनिटांनी तेल, पाणी आणि दाब असे तीन आकडे वहीत लिहा. घाटात १२० च्या आत राहिलं तर नवरदेवाला बसवा. नाही राहिलं तर सरळ सांगून टाका की गाडी धुळ्यात वरातीपुरतीच चालेल, तिथपर्यंत ती टेम्पोवर जाईल. त्यात कमीपणा नाही. आजोबांचं नाव राखायचं असेल तर घाटात धूर काढणारी गाडी नको.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनासारखे फेरबदल करता येत नाहीत. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद हवी. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. आणखी एक. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाड्यांना "व्हीए" मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. म्हणून तडकलेला असला तरी जुना ब्लॉक भंगारात देऊ नका. कास्ट आयर्नची तड जोडणारे कारागीर आहेत. उद्या कुणाला गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची झाली, तर तोच ब्लॉक लागेल.

तुमच्याकडे अशी एखादी जुनी गाडी, स्कूटर किंवा जीप असेल तर तिचे आकडे कळवा: इंजिन कुठलं, तेल कुठलं, काटा कुठे जातो. "गरम होते" एवढंच लिहू नका, किती अंश ते लिहा. पुढच्या अंकात त्यातलंच एक उदाहरण घेऊ.