शाफ्ट जाड करण्याआधी झाका!

आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, माझ्या पिढीच्या तोंडी मात्र अजून नगरच) जुनं यंत्र भंगारात द्यायला कोणाचा हात धजत नाही. मला ते पटतं. चालतंय तोवर चालवावं, मोडलं तर जोडावं. माझी तक्रार आहे ती आपण कसं जोडतो याबद्दल.

विषय जरा तेलकट आहे मंडळी, पण वाचा. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी याचं काम पडतं.

राहाता, संगमनेर, राहुरीकडच्या डाळिंबाच्या आणि पेरूच्या बागांत मोठा ट्रॅक्टर घातला तर फांद्या मोडतात. म्हणून छोटा डिझेल ट्रॅक्टर असतो. कोणाकडे साडेअठरा अश्वशक्तीचा मित्सुबिशी शक्ती, कोणाकडे महिंद्राचा पंधराचा युवराज. बहार धरला की तेल्याच्या धास्तीने फवारण्या सुरू होतात आणि ट्रॅक्टरमागचा ब्लोअर दिवस दिवस फिरतो. त्याला फिरवणारा दांडा म्हणजे पीटीओ शाफ्ट. दोन्ही टोकांना क्रॉस, मध्ये एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. जुन्या ट्रॅक्टरवर आधी क्रॉस खडखडतो, मग नळी पिळवटते, आणि ऐन फवारणीत सगळं थांबतं.

मी पडलो मराठीचा मास्तर. पण पुतण्याने यंदा शाफ्ट बदलायचं काढलं तेव्हा लेथच्या दुकानात दोन दिवस स्टूल टाकून बसलो. निवृत्त माणसाला दुसरा उद्योग काय! तिथे येणारा प्रत्येक जण एकच सांगत होता, "जाड टाका, परत तुटायला नको." शाफ्ट वाढवणे म्हणजे जाड करणे, हे जणू ठरूनच गेलंय.

माझं मत याच्या उलट आहे. का ते सांगतो.

भरीव दांड्याची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. पंचवीस मिलिमीटरचा दांडा काढून त्याच पोलादाचा तीसचा टाकला, तर दिसायला पाच मिलिमीटरचा फरक, पण ताकद जवळजवळ पावणेदोनपट. ऐकायला छान वाटतं. पण इंजिनाचा जोर तेवढाच आहे आणि ट्रॅक्टरचा गिअरबॉक्सही तोच जुना आहे. उद्या ब्लोअरच्या पंख्यात काही अडकलं किंवा रोटाव्हेटरखाली दगड आला, तर तो झटका कुठेतरी जाणारच. शाफ्ट तुटला नाही तर तो आत गिअरच्या दात्यांपर्यंत जाईल. शाफ्ट एका दिवसात बदलता येतो. गिअरबॉक्स उघडला की आठवडा गेला आणि पैशांना तर हिशेबच नाही.

म्हणून तर जाणत्या इंजिनिअरांनी शिअर बोल्टची सोय केली. मुद्दाम कमजोर ठेवलेला बोल्ट. जोर जास्त झाला की तो आधी तुटतो आणि बाकी सगळं वाचतं. सगळ्यात स्वस्त वस्तूने सगळ्यात आधी मोडावं, हे मला फार शहाणपणाचं वाटलं. आणि आपण काय करतो? तो बोल्ट दोनदा तुटला की तिथे कडक पोलादाचा बोल्ट ठोकतो, नाहीतर सरळ वेल्डिंग मारून टाकतो! फ्यूज उडतो म्हणून जाड तार बांधणारे आपणच.

तेव्हा क्रॉस नवा घाला, चांगल्या प्रतीचा घाला. नळ्या जोडताना दोन्ही आतले काटे एका रेषेत आहेत ना ते बघा. क्रॉसचा सांधा तिरका चालला की वेग एकसारखा राहत नाही. तीस अंशांच्या कोनात तो एकाच फेरीत दोनदा तेरा टक्क्यांनी मंदावतो आणि दोनदा पंधरा टक्क्यांनी वाढतो. दुसरा सांधा सरळ रेषेत बसवला आणि दोन्हीकडचा कोन सारखा ठेवला, तर त्याची चूक पहिल्याला फेडते. एक दाता इकडे-तिकडे झाला की थरथर सुरू, आणि मग कितीही जाड शाफ्ट घाला, बेअरिंगं जाणारच. आमच्या पिढीने शाळेत स्प्रिंगच्या नियमाशी जोडून पाठ केलेला रॉबर्ट हूक, त्याच सतराव्या शतकातल्या माणसाने या सांध्याचा अभ्यास केला होता. त्याचा सांधा आज आपल्या डाळिंबात फिरतोय.

हे झालं यंत्राचं. आता माणसाचं.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला नऊ. सांध्याचा व्यास दहा सेंटिमीटर धरा. एका फेऱ्यात एकतीस सेंटिमीटर कापड गुंडाळलं जाईल, सेकंदाला पावणेतीन मीटरच्या वर. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटरचं. गणित सोपं आहे, तीन सेकंद. पदराचं टोक, ओढणी, उपरणं, पायजम्याची नाडी यांना तर तेवढेही लागत नाहीत. अरे म्हणेपर्यंत झालेलं असतं. ट्रॅक्टरवरचा माणूस पुढे तोंड करून बसलेला, त्याला मागचं ऐकू यायच्या आत!

आणि शाफ्टजवळ उभं कोण असतं हो? मालक नव्हे. टाकीत औषध कालवणारी मजूर बाई, पाण्याची बादली आणणारा तिचा पोरगा. शाफ्टवर किती खर्च करायचा हे एक जण ठरवतो, त्याच्याशेजारी उभं दुसरंच कोणी राहतं. मला जे खटकतं ते हे.

मळणी यंत्रांत मजुरांचे हात जायला लागले तेव्हा १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. शाफ्टच्या बाबतीत तर कायद्याची वाट बघायचंही कारण नाही. प्लास्टिकचं कव्हर मिळतं. शाफ्ट आत फिरतो, कव्हर साखळीने बांधून जागच्या जागी राहतं. इंजिन बंद करून हाताने फिरवलं तर ते मोकळं फिरलं पाहिजे, एवढीच त्याची परीक्षा.

लोक म्हणतात, कव्हरामुळे ग्रीस मारता येत नाही, आणि ते उन्हाने तडकतं. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण ग्रीससाठी इंजिन बंद करून कव्हर बाजूला सारायला चार मिनिटं लागतात, आणि तडकलं तर नवं घ्यायचं. क्रॉस झिजला तर आपण नवा घेतोच ना? क्रॉसला पैसे आहेत आणि कव्हरला नाहीत, हे कारण मी तरी मानत नाही.

पुतण्याने शेवटी मापाचाच शाफ्ट घेतला, शिअर बोल्टचा आणि कव्हरासकट. घरात थोडी कुरकुर झाली. असो.

'दुरुस्त' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचा अर्थ योग्य, ठाकठीक. दणकट असा नव्हे. तुमच्या बागेतला शाफ्ट दणकट असेलही, पण तो दुरुस्त आहे का, तेवढं उद्या सकाळी इंजिन चालू करायच्या आधी वाकून बघा. आणि मागे कोण उभं आहे, तेही.