परचक्राखालचे घर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कुरुळी गावी एका लहानशा वाचकमंडळापुढे दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकांविषयी चार शब्द बोलण्याचा प्रसंग माझ्यावर आला. मंडळी बेताचीच होती. पण समारोपाला उठलेल्या वयोवृद्ध अध्यक्षांनी माझ्या तासाभराच्या व्याख्यानाचा दोन वाक्यांत निकाल लावला. ते म्हणाले, “ज्या राष्ट्राने दीडशे वर्षे खरी गुलामगिरी भोगली, त्याने गुलामगिरीची कल्पित नाटके पाहत रात्री जागवाव्यात, ही दिवाळखोरी आहे. ज्यांनी ती भोगली नाही त्या अमेरिकनांना हे खेळ शोभतात.” टाळ्या पडल्या. अध्यक्षांच्या भाषणानंतर आभार आणि चहा एवढेच उरत असल्यामुळे मला उत्तर देता आले नाही. ते येथे देत आहे. कारण हे मत एकट्या अध्यक्षांचे नाही, आपल्या सुशिक्षित घरांतून ते सर्रास ऐकू येते, आणि माझ्या मते ते मुळापासून चुकीचे आहे.

वादाचा विषय झालेली मालिका ‘द मॅन इन द हाय कॅसल’ ही होय. फिलिप के. डिक या अमेरिकन लेखकाच्या १९६२ च्या कादंबरीवरून ॲमेझॉनने ती तयार केली आणि २०१५ ते २०१९ या काळात तिचे चार भाग दाखवले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपान यांचा जय झाला अशी तिची मूळ कल्पना आहे. अमेरिकेचा पूर्वभाग जर्मनांनी घेतला आहे, पश्चिम किनारा जपान्यांनी. मध्ये डोंगराळ मुलखाची एक बेवारशी पट्टी उरली आहे. कथाकाळ १९६२ चा, म्हणजे पराभवाला पंधरा-सोळा वर्षे लोटल्यानंतरचा, आणि या काळाच्या निवडीतच सारे मर्म आहे. लढाई केव्हाच संपली आहे. मुले शाळेत जातात, दुकाने चालतात, रस्ते स्वच्छ आहेत. पहिल्याच प्रकरणात एक तरुण मालमोटार घेऊन चालला असता चाक निकामी होते. एक पोलीस येतो, आपुलकीने चौकशी करतो, आपल्या डब्यातले खाणे त्याला देतो. इतक्यात आकाशातून राख उतरू लागते. ही कसली, असे विचारताच पोलीस सांगतो की, इस्पितळाची. या दिवशी तेथे अपंग आणि असाध्य रोगी जाळतात. हे तो पावसापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात अशा स्वरात सांगतो, आणि त्याचा चांगुलपणा खोटा नसतो. परक्या अंमलाचे इतके खरे चित्र मी फार थोड्या ग्रंथांत वाचले आहे.

या मालिकेतील सर्वांत लक्षात राहणारा पुरुष जॉन स्मिथ नावाचा अधिकारी आहे. पूर्वी तो अमेरिकेच्या सैन्यात होता. आता जर्मन राजवटीत मोठ्या हुद्द्यावर आहे. घरी प्रेमळ पत्नी, गुणी मुले, जेवणाच्या मेजावर हास्यविनोद. मग एके दिवशी कळते की थोरल्या मुलाला असाध्य आनुवंशिक व्याधी आहे, आणि ज्या कायद्याची अंमलबजावणी बाप इमानेइतबारे करीत आला त्याच कायद्याने मुलगा वधार्ह ठरतो. बाप डॉक्टराला मारून गुपित लपवतो. पण मुलगा बापाच्याच राजवटीच्या शाळेत शिकलेला असतो. सत्य कळल्यावर तो आपण होऊन सरकारी लोकांच्या स्वाधीन होतो. हा प्रसंग पाहताना मला आपल्या नाट्यवाङ्मयातील कित्येक पल्लेदार स्वगते फिकी वाटली.

मालिका निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. पुढे पुढे निराळ्या जगांत ये-जा करण्याचे एक यंत्र तिच्यात शिरते आणि कथा सैल पडते. जेथे घरातून सुटका नाही हेच दुःख होते, तेथे जगातून जगात पळवाट निघाली की दुःखाला बूड राहत नाही. जाहिरातदारांची बुद्धी तर याहून वाईट. २०१५ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील बाकांवर त्यांनी त्या कल्पित राजवटीची चिन्हे डकवली आणि ओरड होताच ती उतरवावी लागली. तथापि जाहिरात म्हणजे कृती नव्हे.

आता अध्यक्षांच्या मुद्द्याकडे वळतो. आम्ही खरे पारतंत्र्य भोगले म्हणून कल्पिताची गरज नाही, हे म्हणणे तेव्हाच टिकेल जेव्हा आम्ही त्या खऱ्याकडे डोळे उघडून पाहिले असेल. पाहिले आहे काय? कुरुळीहून नाशिक रस्त्याने थोडे उत्तरेला गेले की चाकण. तेथला संग्रामदुर्ग १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध सुमारे पावणेदोन महिने लढवला. सुरुंगाने बुरूज उडाला, किल्ला पडला. हा प्रसंग इथल्या शाळकरी पोराला ठाऊक आहे आणि असावाच. पण किल्ला पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून काय झाले? खान पुढे १६६३ च्या एप्रिलपर्यंत पुण्यात ठाण मांडून होता. या तीन वर्षांत चाकण चौऱ्यांशीतल्या पाटलाने वसूल कोणाकडे भरला? कुळकर्ण्याने दप्तर कोणाच्या नावाने लिहिले? छावणीला गवत आणि धान्य कोण पुरवीत होते, आणि त्याच्या घरी त्या रात्री जेवताना काय बोलणे होत होते? ‘राजा शिवछत्रपती’ (२००८) पासून ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७ ते २०२०) पर्यंतच्या मालिका आपण कुटुंबासह पाहिल्या, मीही पाहिल्या, डोळे पुसले. पण त्यांची रीत अशी की, शत्रू यावा, अट्टहास करावा, आणि त्याला धूळ चारली की पडदा पडावा. गड आहेत, दरबार आहेत, घोडे आहेत. पण ज्या कुणब्याच्या शेतातून ते घोडे गेले तो नाही. फितूर आहे, पण तो पडद्यावर येताच त्याच्या मिशीवरून ओळखू यावा असा. जन्मभर परक्याची चाकरी करून रोज संध्याकाळी देवापुढे शुद्ध मनाने दिवा लावणारा माणूस तेथे नाही, आणि पारतंत्र्य चालते ते त्याच्याच जिवावर.

मराठीत या जातीची विज्ञानकथाच नाही, असेही नव्हे. २० मे २०२५ रोजी निवर्तलेल्या डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा मराठी वाचकाला अपरिचित नाही. तिचा इंग्रजी अवतार केंद्रीय मंडळाच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आहे. पानिपतावर विश्वासरावाला लागलेली गोळी हुकली असती तर, या ‘तर’वर ती उभी आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पडतात की जेथे मराठ्यांचा जय झाला आहे आणि इंग्रजांपाशी एकटी मुंबई काय ती उरली आहे. आपण सर्वांनी ही कथा पानिपतासाठी वाचली, आणि छाती फुगवून घेतली. पण तिच्यातील प्रवास आठवा. पुण्याहून निघालेली गाडी सरहद्दीवर थांबते, परवाने तपासले जातात, डब्यांवर छोटा युनियन जॅक रंगवलेला दिसतो, बोरीबंदर कसे लख्ख आहे. गंगाधरपंत आपल्या मुलाची चौकशी करायला एका कचेरीत जातात, तर त्या नावाचा कोणी तेथे नाहीच. हे सारे नारळीकर दोन-चार पानांत सांगून पुढे जातात, कारण त्यांना गाठावयाचा आहे तो शास्त्रीय सिद्धान्त. तो त्यांचा अधिकार आहे. पण त्यानंतरच्या आपल्या लेखकांपैकी कोणी त्या इंग्रजी मुंबईत उतरून का पाहू नये? तेथील गिरगावात एखादे मराठी कुटुंब असेलच. त्यातला बाप सरहद्दीवर परवाने तपासण्याच्या नोकरीत असेल. पलीकडून येणाऱ्या आपल्याच भाषेच्या माणसांच्या पिशव्या तो उघडून पाहत असेल. ही कथा लिहिली गेली नाही, आणि वाचकांनी तिची मागणीही केली नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग खऱ्या इतिहासातलाच असा माणूस घ्या. कल्पनेचे काय प्रयोजन? घेऊन पाहा. आमच्या या पट्ट्यातच चिंचवड आहे. प्लेगच्या निमित्ताने गोऱ्या सोजिरांनी पुण्याच्या घराघरांत जे केले, त्याचा सूड म्हणून दामोदर चापेकर आणि त्यांच्या बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळ्या घातल्या. ज्यांनी सरकारला माहिती दिली ते द्रविड बंधू १८९९ च्या फेब्रुवारीत मारले गेले. जयू आणि नचिकेत पटवर्धनांनी १९७९ साली ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट काढून हा विषय संयमाने हाताळला, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण आज कोणी द्रविडांच्या घरात कॅमेरा नेऊन ठेवला, त्यांची भीती, लोभ, नातीगोती उलगडू लागला, तर काय होईल? पहिला प्रश्न येईल आडनावाचा, दुसरा जातीचा. शनिवारवाड्यावर १८१७ साली इंग्रजी निशाण चढवणाऱ्या बाळाजीपंत नातूंचे नाव काढताच सभेतली निम्मी माणसे समाधानाने माना डोलावतात आणि निम्मी चुळबुळतात. दुसऱ्या एखाद्या घराण्याचे नाव काढले की डोलावणारे आणि चुळबुळणारे यांची अदलाबदल होते. खरा इतिहास सांगू लागले की आपल्याकडे प्रत्येक श्रोत्याला सुटकेचे दार सापडते. ते त्यांचे लोक होते, आमचे नव्हते, असे म्हणून तो मोकळा होतो. कल्पित परचक्राला आडनाव नसते. त्यात दप्तर लिहिणारा माणूस आपला नव्हे असे सांगण्याची सोय उरत नाही. आम्ही खरे पारतंत्र्य भोगले म्हणून आम्हाला कल्पित नको, असे अध्यक्ष म्हणाले. मी म्हणतो, भोगले म्हणूनच हवे. कारण खऱ्याविषयी आपण एकमेकांशी खरे बोलू शकत नाही.

आमच्याच घरचे सांगतो. माझे आजोबा एका तालुक्याच्या मामलेदार कचेरीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखे. १९४७ च्या ऑगस्टात त्या कचेरीवर झेंडा लागला तेव्हा ते पुढच्या रांगेत उभे होते, ही गोष्ट आमच्या घरी प्रत्येक पंधरा ऑगस्टला सांगितली जाई. १९४२ साली गावांवर सामुदायिक दंड बसवला गेला. तेव्हा कोणत्या घराने किती भरायचे याच्या याद्याही त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिल्या गेल्या. हे वडिलांनी मला एकदाच, तेही मी पन्नाशीला आल्यावर सांगितले. एका यादीत आजोबांच्या सख्ख्या मेहुण्याचे नाव होते. ते त्यांनी गाळले नाही, आणि दंडाची रक्कम रात्री जाऊन स्वतः बहिणीच्या हाती ठेवली. बहिणीने ती घेतली की नाही, हे वडिलांना ठाऊक नव्हते. मी आजोबांना देशद्रोही म्हणू धजत नाही, देशभक्तही म्हणवत नाही. अशा माणसासाठी मराठीत शब्द नाही, कारण अशा माणसाचे नाटक मराठीत पुरेसे झालेले नाही.

अध्यक्षांच्या एका गोष्टीशी मात्र मी सहमत आहे. ही परकी मालिका लहान मुलांसमोर लावण्याजोगी नाही; तीत क्रौर्य फार आहे आणि काही ठिकाणी ते निष्कारण आहे. पण त्यावर उपाय न पाहणे हा नसून आपली मालिका निर्माण करणे हा आहे. सामग्री हवी तेवढी आहे. सालाझारच्या गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सरकारी तपासनिसाला दाखवल्यावाचून छापता येत नसे. १९५५ पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेवरच्या रानात दडून गुप्त नभोवाणी चालवली. विज्ञानकथाकाराने यातले एखादे बीज उचलावे आणि उद्याच्या काळात, कोठल्या तरी अनोळखी सत्तेखाली पेरावे. निर्माते खर्चाचे रडगाणे गातात, पण या कथेला घोडे नकोत, गड नकोत, हजार मावळे नकोत. आमच्या कुरुळीसारखे रस्त्यालगतचे एक गाव, पाळीवरून परतणाऱ्या कामगारांची एक बस, चौकात परवाने पाहणारा गावचाच एक तरुण, आणि बसमध्ये खिडकीशी बसलेली त्याची आई, एवढ्यावर पहिले प्रकरण उभे राहील.