दिनविशेषांचे राजकारण

तारखा निष्पाप असतात, असे आपण साहित्याचे अध्यापक सहज गृहीत धरतो. १६६० म्हणजे राजसत्तेची पुनःस्थापना, १८३२ म्हणजे सुधारणा कायदा. फळ्यावर युगांच्या चौकटी आखल्या की आपण मोकळे. माझा आक्षेप या गृहीतकालाच आहे. कोणता दिवस स्मरणात राहावा हे काळ ठरवत नाही, सत्ता ठरवते; आणि ब्रिटनच्या इतिहासात याचा लेखी पुरावा आहे.

५ नोव्हेंबर १६०५ रोजी पार्लमेंट सुरुंगाने उडवण्याचा कट फसला. काही महिन्यांतच, हा दिवस दरवर्षी ईश्वराचे आभार मानून पाळावा, असा कायदा झाला. पुढे ३० जानेवारी हा १६४९मध्ये शिरच्छेद झालेल्या पहिल्या चार्ल्सच्या शोकाचा, तर २९ मे हा १६६०मध्ये त्याचा पुत्र लंडनला परतल्याच्या आनंदाचा दिवस ठरला. या तिन्ही दिवसांच्या उपासना चर्चच्या प्रार्थनापुस्तकाला जोडल्या गेल्या आणि १८५९पर्यंत तिथे राहिल्या. कॅथलिकांविषयीचा संशय आणि राजाविषयीची भक्ती पिढ्यान्‌पिढ्या अशी आज्ञेने जोपासली गेली.

आता १६ ऑगस्ट १८१९ पाहा. मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर सुमारे ६०,००० माणसे मताधिकार मागायला जमली होती. या शहराला तेव्हा संसदेत स्वतःचा प्रतिनिधी नव्हता. घोडेस्वार तलवारी उपसून गर्दीत घुसले. किमान १५ जण मेले, शेकडो जखमी झाले. या दिवसासाठी कोणतीही प्रार्थना रचली गेली नाही. विसाव्या शतकात लागलेल्या स्मृतिफलकावर सभा पांगवल्याचा उल्लेख होता, मृतांचा नव्हता. तो फलक बदलायला २००७ उजाडावे लागले.

'तारखांवाचून कालक्रम शिकवायचा कसा?' असे कोणी विचारील. पण कालक्रम तरी कुठे स्वयंभू आहे? इंग्लंडमध्ये १७५१पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून चार्ल्सचा मृत्यू तत्कालीन कागदपत्रांत १६४८चा आहे. १७५२च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली, तीही संसदेच्या कायद्याने. कायदा जिथे अकरा दिवस गाळू शकतो, तिथे अकरा प्रेते गाळणे किती अवघड?

तारखा शिकवू नयेत, असे मी म्हणत नाही. त्या कोणाच्या आज्ञेने आपल्यापर्यंत आल्या, तेही शिकवावे. शेलीने 'द मास्क ऑफ अ‍ॅनार्की' ही कविता मँचेस्टरची वार्ता ऐकून १८१९मध्येच इटलीत लिहिली. ती छापली गेली १८३२मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. त्याच वर्षी सुधारणा कायदा आला आणि मैदानात मत मागणाऱ्या कष्टकऱ्यांपैकी बहुसंख्यांना मताविनाच ठेवून गेला. फळ्यावर १८३२ लिहाल तेव्हा कायद्याशेजारी ही कविताही लिहा. मग ती तारीख निष्पाप उरणार नाही. आणि उरूही नये.