थंडी अंगवळणी पडत नाही

सकाळी साडेसहाला अमेरिकेतून फोन आला की डॉक्टरच्याही पोटात गोळा येतो. फोन धाकट्या बहिणीचा होता. ती मिनियापोलिसजवळ राहते, तिकडे संध्याकाळचे सात वाजले होते. "दादा, व्हिडिओ लाव आधी, याची बोटं बघ." १६ वर्षांच्या भाच्याच्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाला मेणासारखी पिवळट पांढरी झाली होती. दाबली तरी त्याला काही कळत नव्हतं. घरात एकाने बाम चोळायला घेतला होता, दुसऱ्याने हीटर पुढे ओढला होता. दोन्ही थांबवायला सांगितलं.

हा हिमदंश, म्हणजे फ्रॉस्टबाइट, सुदैवाने वरवरचा. गोठू लागलेल्या कातडीवर चोळलं की आतल्या नाजूक पेशी आणखी फाटतात. हीटरसमोर बोट धरलं तर भाजतं, आणि बधिर बोटाला भाजल्याचंही कळत नाही. करायचं ते असं: ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात हात पूर्ण बुडवून ठेवायचा, रंग परत येईपर्यंत. साधारण अर्धा तास लागतो. थर्मामीटर नसेल तर तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी आई जसं कोपराने बघते तसं बघायचं. रक्त परत येताना ठणका जबरदस्त लागतो, मुलगा ओरडला तर घाबरायचं नाही. आणि पुन्हा गारठ्यात जायचं असेल तर आधी शेक द्यायचाच नाही, कारण वितळून पुन्हा गोठलेली बोटं जास्त बिघडतात. दुसऱ्या दिवशी एका बोटावर पाण्याचा फोड आला. तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं, ड्रेसिंग केलं. बोटं वाचली.

आता मुद्द्याकडे येतो, कारण मला राग आला तो बोटांमुळे नाही, बोटं तशी का झाली हे ऐकून.

भाचा शाळेच्या फुटबॉल संघात आहे. अमेरिकेतलं फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन धावायचा, एकमेकांना आडवं पाडायचा खेळ. नोव्हेंबरमध्ये बाद फेरीचे सामने सुरू होतात आणि नेमकी तेव्हाच मिनेसोटात थंडीची लाट येते. त्या दिवशी उणे ९ अंश होतं, वारा ताशी ३० किलोमीटर. वारा अंगाभोवतीचा ऊबदार हवेचा पातळ थर सतत उडवून लावतो, म्हणून उघड्या कातडीला ते उणे १८ सारखं लागतं. प्रशिक्षकाने दोन तास बाहेर सराव घेतला. भाचा राखीव खेळाडू. दोन तासांतला सव्वा तास तो मैदानाच्या कडेला, घामाने आणि बर्फाने भिजलेले हातमोजे घालून नुसता उभा होता. बहिणीने विचारलं तेव्हा उत्तर आलं: सवय करायला हवी, मुलं कणखर व्हायला हवीत.

मजा अशी की मिनेसोटातल्या शालेय फुटबॉलचे राज्य अंतिम सामने मिनियापोलिसच्या बंदिस्त, छत असलेल्या स्टेडियममध्ये होतात. म्हणजे ज्या सामन्यासाठी मुलं गोठली, तो खेळायचा होता उबेत.

पण समजा तो सामना उघड्यावर असता, तरी "सवय" हे उत्तर चूक आहे. आमच्या शास्त्रात उन्हाची सवय हा खरा प्रकार आहे. रोज थोडा थोडा वेळ उन्हात सराव केला तर १० ते १४ दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं, हृदयाचे ठोके कमी चढतात. शरीर खरोखर बदलतं. थंडीचं तसं नाही. वारंवार गारठ्यात ठेवलेल्या माणसाचं कुडकुडणं कमी होतं आणि त्याला थंडी कमी *वाटते*. कुडकुडणं हे शरीराचं ऊब तयार करायचं यंत्र आहे, आणि थंडी वाटणं ही धोक्याची घंटा. सवयीने घंटेचा आवाज कमी होतो, आग तशीच राहते. वर्षानुवर्षं बर्फाळ पाण्यात हात घालणाऱ्या उत्तरेकडच्या मच्छीमारांच्या हातांत रक्तपुरवठा थोडा बरा टिकतो असं आढळलं आहे, पण शाळेच्या मोसमातल्या तीन आठवड्यांत ते साधत नाही. उलट एकदा हिमदंश झालेलं बोट पुढे आयुष्यभर थंडीला लवकर बळी पडतं. म्हणजे भाचा "कणखर" झालेला नाही, आधीपेक्षा कच्चा झाला आहे.

अमेरिकेत या कणखरपणाच्या गोष्टी दंतकथांसारख्या सांगतात. मिनेसोटा व्हायकिंग्जचे प्रशिक्षक बड ग्रँट उघड्या मैदानावर आपल्या खेळाडूंच्या बाकाजवळ हीटर ठेवू देत नसत, हे तिथल्या प्रत्येक बापाला माहीत आहे. घरच्या मैदानावर त्यांचा संघ जिंकतही असे. त्यांच्याच हाताखाली तो चार वेळा सुपर बोलपर्यंत पोचला आणि चारही हरला. त्यातले दोन सामने न्यू ऑर्लीन्सला, एक ह्यूस्टनला, एक कॅलिफोर्नियात पॅसाडीनाला. थंडीच्या सरावाचा तिथे काय उपयोग होणार होता, देव जाणे. दुसरी दंतकथा ३१ डिसेंबर १९६७ ची, ग्रीन बे गावची. उणे २५ अंशांत सामना झाला, पंचाची शिट्टी ओठाला चिकटली आणि उरलेला सामना शिट्टीविना काढावा लागला. ग्रीन बे जिंकलं हे खरं. पण टेक्सासचा, म्हणजे उबदार मुलखातला डॅलसचा संघ शेवटच्या मिनिटापर्यंत आघाडीवर होता, हे सांगायला लोक विसरतात.

माझ्या विरोधात जाणारं उदाहरणही देतो. १३ जानेवारी २०२४ ला कॅन्सस सिटीत उणे २० अंशांत, वाऱ्यासकट उणे ३३ सारख्या थंडीत मायामीचा संघ २६-७ असा हरला. लोक म्हणाले, बघा, फ्लोरिडात सराव करणाऱ्यांचं असंच होणार. एका सामन्यावरून काही सिद्ध होत नाही, डॅलसच्याही नाही आणि मायामीच्याही नाही. मला त्या सामन्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. काही आठवड्यांनी तिथल्या एका रुग्णालयाने सांगितलं की सामना बघायला गेलेल्यांपैकी काहींची हातापायाची बोटं कापावी लागणार आहेत. खेळाडूंची नव्हे, प्रेक्षकांची. याचं कारण ज्याला नीट समजलं त्याला पुढचा सगळा लेख न वाचताही चालेल.

धावणारा माणूस शेगडी असतो. स्नायू काम करतात तेव्हा त्यांच्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो, म्हणून कोरडे कपडे घातलेला, पळणारा मुलगा उणे तापमानातही घामाघूम होतो. शेगडी विझते ती थांबल्यावर. तो बाजूला येऊन उभा राहतो, अंगावरचा घाम गार होतो, ओले कपडे उष्णता ओढून नेतात (पाणी हे हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं), आणि शरीर हृदय-मेंदू वाचवण्यासाठी बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतं. म्हणून संघात सर्वांत धोक्यात असतो तो राखीव मुलगा, सर्वांत कमी खेळणारा. आणि तक्रार करायची हिंमतही सर्वांत कमी त्याचीच असते.

प्रशिक्षकांच्या बाजूने एक गोष्ट मी मान्य करतो. गारठ्यात चेंडू दगडासारखा होतो, हातातून निसटतो, जमीन टणक आणि निसरडी होते. हे आधी अनुभवायला हवं. पण तो अनुभव २० मिनिटांत येतो. दोन तास लागत नाहीत. शिवाय गार झालेल्या हाताला सराव करूनही नीट शिकता येत नाही, कारण कातडीचं आणि नसांचं तापमान उतरलं की स्पर्शज्ञान आणि बोटांची चपळाई जाते. गार स्नायूची ताकद कमी होते आणि तो लचकतो. ज्या कौशल्यासाठी मैदानावर नेलं तेच बिघडवून मुलं घरी परततात.

दम्याचं तर बोलायलाच नको. जोरात धावताना आपण तोंडाने श्वास घेतो, कोरडी गार हवा न तापता, न ओलावता थेट श्वासनलिकेत जाते आणि नळ्या आखडतात. खेळ थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकला आणि शिट्टीसारखा आवाज सुरू होतो. बहुतेक प्रशिक्षक याला "स्टॅमिना कमी" म्हणतात. असा मुलगा खेळू शकतो, नीट खेळू शकतो, पण आधी तपासणी हवी, डॉक्टरांनी सांगितलेला इनहेलर सरावाआधी हवा, शरीर हळूहळू तापवायला वेळ हवा आणि तोंडावर मफलर हवा. थंडीत सगळी शरीरं सारखी वागत नाहीत हे लष्करांनाही उमगलं आहे: ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्याच्या नोंदींत आफ्रिकी वंशाच्या सैनिकांना हिमदंशासारख्या इजा जास्त झालेल्या दिसतात. एकच फूटपट्टी लावून "त्याला जमतं, तुला का नाही" म्हणणं हे अज्ञान आहे.

व्यावसायिक खेळाडूंबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते सज्ञान आहेत, त्यांना पैसे मिळतात, त्यांच्या बाकाखाली गरम हवा सोडतात आणि चार डॉक्टर शेजारी उभे असतात. शाळेतल्या मुलाजवळ यातलं काही नसतं. सराव "ऐच्छिक" आहे असं शाळा म्हणते. ज्या सरावाला न येणाऱ्याचं नाव पुढच्या यादीत दिसत नाही, तो कसला ऐच्छिक?

आणि कणखरपणाची किंमत काय असते हे मिनेसोटाला नव्याने सांगावं लागू नये. व्हायकिंग्जचाच खेळाडू कोरी स्ट्रिंगर १ ऑगस्ट २००१ ला गेला, सरावात उष्माघात होऊन, वय अवघं २७. अंगात ताप ४२ अंशांच्या वर होता. त्यानंतर उन्हाबाबत लोकांचे डोळे उघडले. आज अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शाळांसाठी लेखी नियम आहेत: उष्णता आणि आर्द्रता इतकी झाली की सराव कमी करा, इतकी झाली की बंद. तिथे प्रशिक्षकाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. थंडीसाठी मात्र भाच्याच्या शाळेत असा एकही आकडा लिहिलेला नाही.

आकडा काढणं अवघड नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याचा तक्ता सगळ्यांना खुला आहे. उणे १८ अंश तापमान आणि ताशी २४ किलोमीटर वारा असला की जाणवणारी थंडी उणे २८ होते आणि उघडी कातडी ३० मिनिटांत गोठू शकते. ही प्रौढ माणसाच्या कोरड्या कातडीची मर्यादा झाली. शाळेच्या मुलांसाठी मी त्याच्या कितीतरी अलीकडे थांबेन. जाणवणारी थंडी उणे १० च्या खाली गेली की बाहेर अर्धा तास, उणे १८ ला पोचली की सराव जिममध्ये. पाऊस किंवा ओला बर्फ असेल तर शून्याच्या आसपाससुद्धा हीच काळजी. राखीव मुलांनी दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही, कोरडे मोजे-हातमोजे पिशवीत असायलाच हवेत, आणि जोडीदाराने जोडीदाराचे कान, नाक, बोटं बघायची, कारण पांढरं पडलेलं नाक ज्याचं त्याला दिसत नाही.

इकडच्या वाचकांसाठी एक पुरवणी, कारण उद्या हाच लेख माझ्या तोंडावर फेकला जाईल हे मला माहीत आहे. पुण्यात ९ अंश झाले म्हणून सकाळच्या फुटबॉलच्या क्लासला मुलाला पाठवायचं नाही, असा याचा अर्थ *नाही*. दरवर्षी डिसेंबरमध्ये दवाखान्यात कानटोपी, दोन स्वेटर आणि वर शाल अशी गुंडाळलेली धडधाकट मुलं येतात. सर्दी विषाणूंनी होते, मैदानाने नाही. पळू द्या त्यांना. घाम आला की बनियन बदला, एवढं पुरे. सकाळी धुरकं दाटलं असेल तर मात्र जरूर थांबा, पण तो थंडीचा दोष नव्हे.

बहिणीने शाळेला पत्र लिहिलं. त्यात वरच्या सगळ्या मागण्या होत्या, सौम्य भाषेत, माझ्यापेक्षा बरीच सौम्य. आठ दिवसांनी उत्तर आलं: "हवामान पाहून प्रशिक्षक योग्य तो निर्णय घेतील." तिने त्याच दिवशी एका ओळीत परत विचारलं आहे, हवामानाचा कोणता आकडा पाहून? अजून उत्तर आलेलं नाही. भाचा मोसम संपल्यापासून जिममध्ये जातो, आणि फ्रीजमधून दुधाचा कॅन काढताना डावा हात वापरतो.