कमवा आणि शिका : आपल्याच कॉलेजात का नाही?

'करिअर रेडिनेस' हा शब्द हल्ली प्रत्येक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर दिसतो. पाहुणे येतात, बायोडेटा कसा लिहायचा, मुलाखतीत हात कुठे ठेवायचे, टीमवर्क म्हणजे काय, हे सगळं स्लाइडवर दाखवतात. दोन तासांनी चहा-बिस्किट आणि प्रमाणपत्र. या कार्यशाळांना माझा विरोध नाही. पण त्या चालू असताना वर्गातली काही मुलं कुठे असतात, ते बघा. कुणी मेडिकलच्या काउंटरवर, कुणी डिलिव्हरीच्या बाइकवर, कुणी सुलतान बाजारातल्या कापडाच्या दुकानात. वर्गात नोकरीसाठी सगळ्यात तयार असलेली मुलं हीच, आणि हजेरीपटावर गैरहजर मांडली जातात तीही हीच. ७५ टक्के हजेरीचा नियम त्यांच्याच मानेवर बसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. कॉलेजने आपल्याच आवारात विद्यार्थ्यांना आठवड्याला काही तासांचं, रोख मोबदल्याचं काम द्यावं.

ही कल्पना बाहेरून आणायची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामं स्वतः करत. १९४७ मध्ये साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेही 'कमवा आणि शिका' याच पायावर. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची याच नावाची योजना कर्मवीरांच्या नावाने चालते. मुलं ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत, बागेत काम करतात आणि तासाप्रमाणे पैसे घेतात.

त्याआधी गरीब मुलाने शिकायचं म्हणजे काय होतं? माधुकरी मागायची, नाहीतर वार लावून जेवायचं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यातून मोठमोठी माणसं घडली हे खरं, पण जेवणाबरोबर उपकारही पानात वाढला जायचा. शिवाय ती दारं सगळ्याच जातींना उघडी नव्हती. कर्मवीरांनी मुलाच्या हातात भिक्षापात्राच्या जागी कुदळ दिली. शिष्यवृत्ती आणि काम यांतला फरक आजही तोच आहे. शिष्यवृत्तीसाठी गरिबी सिद्ध करावी लागते, कामासाठी काम.

आपलं कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं आहे, म्हणून आणखी एक उदाहरण देते. अमेरिकेत केंटकी राज्यात बेरिया कॉलेज आहे. गुलामगिरीला विरोध करणारे धर्मोपदेशक जॉन फी यांनी ते १८५५ मध्ये सुरू केलं. तिथे शिकवणीची फी घेत नाहीत, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावं लागतं. प्रत्येकाला, हा शब्द महत्त्वाचा. सगळेच करतात म्हणून कुणी कुणाकडे बोट दाखवत नाही. आणि ज्या संत पौलाची पत्रं आपल्या चॅपेलमध्ये वाचली जातात, तोही तंबू बनवून पोट भरत होता.

आता आपल्या हैदराबादची गंमत बघा. इथून दरवर्षी ढिगाने मुलं अमेरिकेला जातात. तिथे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॅम्पसवर काम करता येतं. मग आपलाच चुलतभाऊ विद्यापीठाच्या कँटीनमध्ये ताटं उचलतो, ग्रंथालयात पुस्तकं लावतो. घरचे कौतुकाने सांगतात, "स्वतःचा खर्च स्वतः काढतो हो!" तोच मुलगा इथे कॉलेजच्या कँटीनच्या काउंटरवर उभा राहिला तर? "लोक काय म्हणतील?" काम तेच, ताटं तीच. विमानात बसल्यावर त्याला प्रतिष्ठा येते, एवढंच.

काचीगुड्याला हा प्रश्न जास्त जवळचा आहे. नांदेड, धर्माबाद, निजामाबादकडून येणाऱ्या गाड्या आपल्या स्टेशनात थांबतात, आणि त्या गाड्यांतून मुलं शिकायला उतरतात. फी रिइम्बर्समेंट तेलंगणातल्या विद्यार्थ्यांना मिळते, महाराष्ट्राच्या हद्दीतून आलेल्याला नाही. आणि ज्यांना मिळते त्यांचंही खोलीभाडं आणि मेसचं बिल त्यातून सुटत नाही. मग संध्याकाळची नोकरी आलीच.

मी स्वतः दोन वर्षं एका दुकानात संध्याकाळी हिशेब बघते. तिथे शिकले ते खोटं नाही. रात्री गल्ला जुळला नाही तर घरी जाता येत नाही. चिडलेल्या गिऱ्हाईकाशी तेलुगूत, हिंदीत, कधी दख्खनीत गोड बोलावं लागतं. पण परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी मागितली की "मग उद्यापासून येऊच नको" हे उत्तर ठरलेलं. दुकानदाराला माझ्या सेमिस्टरशी काय देणंघेणं? कॉलेजला आहे, आणि फरक पडतो तो इथेच. कॉलेजला माझं वेळापत्रक माहीत असतं.

कामं नाहीत असं कुणी म्हणू नये. प्रवेशाच्या दिवसांत चौकशीच्या खिडकीवर तीन भाषा बोलणारं माणूस लागतं. ग्रंथालयात पुस्तकं जागेवर लावायची असतात. कॉम्प्युटर लॅब संध्याकाळी लवकर बंद होते, कारण बसायला कुणी नसतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना अकाउंट्स समजावून सांगायला तिसऱ्या वर्षाची मुलं आहेत. जुने कागद स्कॅन करायचे आहेत. यातलं प्रत्येक काम वेळ पाळायला, नोंद ठेवायला आणि चूक झाली तर ती लपवण्याऐवजी सांगायला शिकवतं. मुलाखतीत विचारतात ते हेच.

धोकेही आहेत. पहिला म्हणजे फुकटी राबवणूक. 'सेवा', 'अनुभव' अशी गोड नावं देऊन मुलांकडून काम काढून घ्यायचं. दुसरा त्याहून वाईट : स्वस्तात विद्यार्थी मिळतात म्हणून शिपाईमामांची, सफाईच्या मावशींची जागा भरायचीच नाही. आपल्या पॉकेटमनीसाठी कुणाच्या घरची चूल विझणार असेल, तर ती योजना नको. म्हणून अटी आधीच लिहून ठेवाव्यात. कायम कर्मचाऱ्याचं काम विद्यार्थ्याला द्यायचं नाही. तासाचा दर बाहेरच्या दुकानापेक्षा कमी नको, आणि पैसे दर महिन्याला बँकेत. आठवड्याला आठ-दहा तासांवर काम नको, परीक्षेत सुट्टी. शेवटी मिळणाऱ्या पत्रात काय काम केलं, किती तास केलं, हे स्पष्ट असावं.

आणि योजना सगळ्यांना खुली हवी. गरजूंना आधी संधी जरूर द्या, पण यादी बोर्डावर लावताना कुणाच्या नावापुढे उत्पन्न लिहू नका. 'गरिबांची योजना' असा शिक्का बसला की ज्याला खरी गरज आहे तोच अर्ज करत नाही.

पैसा कुठून? वार्षिक महोत्सवाच्या मांडवावर आणि साउंडवर होणारा खर्च थोडा आटोक्यात आणला, तरी दोन-चार मुलांचं वर्ष निघेल. माजी विद्यार्थ्यांकडे पंखे आणि बाकं मागतो, तसे कामाचे तास मागावेत.

सुरुवात आपल्या मंडळापासून होऊ शकते. मराठी विभागाच्या कपाटांतल्या पुस्तकांची नीट यादी करायची आहे, हे आपण दर सभेत बोलतो आणि चहा पिऊन उठतो. पुढच्या सत्रात दोन विद्यार्थी, आठवड्याला सहा तास, ठरलेला मोबदला. वर्गणीत प्रत्येकाने थोडी भर घातली तर एवढं जमेल. मंडळाच्या पुढच्या सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदनाला कुणीतरी उभं राहा.